कातडीवाल्याची हवेली

डेलावेअर हे अमेरिकेतलं आकाराने शेवटून दुसरं राज्य. त्याच्या उत्तर भागात ॲपोक्विनिमिंक नावाची एक संथ, चिखलाळ नदी वाहते आणि तिच्या काठावर ओडेसा नावाचं लहानसं गाव आहे. गावातल्या मुख्य रस्त्याने नदीकडे उतरत गेलं, की लाल विटांची एक भारदस्त हवेली दिसते. दर्शनी भिंतीत एका विटेची लांब बाजू, शेजारच्या विटेचं डोकं, पुन्हा लांब बाजू असं नेमकं नक्षीबंद विटकाम. मधोमध दरवाजा, दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर खिडक्या, आणि छपराच्या माथ्यावर चिनी धाटणीच्या लाकडी जाळीचा कठडा. आसपासच्या गावांत तेव्हा अशी घरं नव्हती. हा थाट फिलाडेल्फियातल्या बड्या व्यापाऱ्यांच्या वाड्यांचा, आणि तो या खेड्यात आणला एका कातडी कमावणाऱ्याने.

त्याचं नाव विल्यम कॉर्बिट. जन्म १७४६. तरुणपणी तो फिलाडेल्फियात जाऊन कातडी कमावण्याचा धंदा शिकला, गावी परतला आणि नदीकाठी त्याने स्वतःचा कारखाना घातला. तेव्हा गावाचं नाव कॅन्टवेल्स ब्रिज होतं. नदीवर टोल घेणारा कॅन्टवेल घराण्याचा पूल होता, त्यावरून पडलेलं. या धंद्याला जे जे लागतं ते सगळं इथे हाताशी होतं. धुवायला नदीचं पाणी, आसपासच्या शेतांवरची गुरं, ओकच्या झाडांची साल आणि माल शहरात न्यायला जहाजं. कातडी चुन्याच्या पाण्यात भिजवायची, केस खरवडून काढायचे, मग कुटलेल्या सालीच्या थरांत हौदामध्ये महिनोन् महिने मुरत ठेवायची. दुर्गंधीचा, चिकाटीचा आणि चांगला पैसा देणारा हा उद्योग. त्यात कमीपणा आहे असं तिथे कोणी मानत नव्हतं. कातडीच्या पैशावर उभं राहिलेलं घर गावात सगळ्यांत प्रतिष्ठित ठरलं.

१७७२ मध्ये कॉर्बिटने रॉबर्ट मे नावाच्या बांधकाम कारागिराकडे काम सोपवलं आणि १७७४ मध्ये घर पुरं झालं, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या दोन वर्षं आधी. शेजारीच डेव्हिड विल्सन या व्यापाऱ्याचं विटांचं घर थोडं आधी उभं राहिलं होतं. विल्सन कॉर्बिटचा मेहुणा, आणि दोघेही क्वेकर.

इथे थोडं थांबायला हवं, कारण क्वेकर आणि हवेली हे दोन शब्द सहसा एकत्र येत नाहीत. सतराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या प्रेरणेने हा पंथ निघाला. प्रत्येक माणसाच्या आत ईश्वरी प्रकाश आहे, मग मध्ये पाद्री कशाला, ही त्याची मूळ धारणा. सभागृहात सगळ्यांनी शांत बसायचं आणि ज्याला आतून सुचेल त्याने उठून बोलायचं. शपथ घ्यायची नाही, शस्त्र धरायचं नाही, कोणापुढे टोपी काढायची नाही, कपड्यांत आणि घरात भपका करायचा नाही. शेवटच्या नियमाचं कॉर्बिटने काय केलं ते त्याच्या छपरावरची जाळी सांगते. पण तो एकटाच तसा नव्हता. प्रामाणिकपणा, काटकसर आणि आपसातला विश्वास यांमुळे क्वेकर व्यापारात पुढे गेले, आणि पैसा आल्यावर साधेपणाची व्याख्या हळूहळू सैल झाली. 'साधं, पण उत्तम प्रतीचं' असा सोयीचा मध्यममार्ग फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी काढलाच होता.

गुलामगिरीच्या बाबतीतही हा पंथ काही पहिल्या दिवसापासून शुद्ध नव्हता. क्वेकरांची वसाहत म्हणून पेनसिल्व्हेनिया स्थापन करणारा विल्यम पेन स्वतः गुलाम बाळगून होता. १६८८ मध्ये जर्मनटाउनच्या चार रहिवाशांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला, तेव्हा पंथाच्या वरच्या सभांनी तो कागद एकीकडून दुसरीकडे सरकवला आणि शेवटी बाजूला ठेवून दिला. पुढची सत्तर वर्षं हा प्रश्न अधूनमधून डोकं वर काढायचा आणि दाबला जायचा. त्याला खरी धग दिली जॉन वुलमनने. न्यू जर्सीतला हा शिंपीकाम करणारा माणूस क्वेकर मालकांच्या घरी जाऊन आरडाओरडा न करता त्यांना अवघड करून सोडायचा. गुलामांकडून सेवा घेतली तर तिचे पैसे देण्याचा तो आग्रह धरायचा. फिलाडेल्फियातला शिक्षक अँथनी बेनेझेट पुस्तिका लिहून तेच काम करत होता. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सदस्यांना पंथाच्या कारभारातून दूर ठेवायचं ठरवलं, आणि १७७६ मध्ये गुलाम बाळगणाऱ्याला पंथात जागा नाही असा निर्णय झाला. डेलावेअरच्या केंट परगण्यात वॉर्नर मिफ्लिन या क्वेकर जमीनदाराने त्याच सुमारास आपले गुलाम मोकळे केले आणि उरलेलं आयुष्य इतर मालकांचे दरवाजे ठोठावण्यात घालवलं.

म्हणजे कॉर्बिटच्या भिंती चढत होत्या नेमक्या त्याच वर्षांत त्याचा पंथ स्वतःचं घर साफ करत होता. याचा परिणाम डेलावेअरवर खोल झाला. १७९० च्या शिरगणतीत राज्यात ८,८८७ गुलाम होते. १८६० च्या शिरगणतीत उरले १,७९८. त्याच १८६० मध्ये मोकळ्या कृष्णवर्णीयांची संख्या मात्र १९,८२९ होती. क्वेकर आणि मेथडिस्ट मालकांची सदसद्विवेकबुद्धी हे त्याचं एक कारण. दुसरं कारण रोकडं होतं. तंबाखूची जागा गहू-मक्याने घेतली होती, आणि धान्याच्या शेतीला वर्षभर पोसावे लागणारे गुलाम परवडत नव्हते. हंगामापुरता मजूर स्वस्त पडायचा. शिवाय राज्याबाहेर गुलाम विकायला कायद्याने आडकाठी होती.

हे आकडे वाचून डेलावेअर जवळजवळ मुक्तच होतं असं वाटेल. तसं ते नव्हतं. गुलामगिरी कायदेशीर होती ती होतीच, आणि मोकळ्या कृष्णवर्णीयाचं मोकळेपण कागदाच्या एका तुकड्यावर टांगलेलं असायचं. त्याला मत नाही, गोऱ्या माणसाविरुद्ध साक्ष देण्याचा हक्क नावापुरता, राज्याबाहेर जाऊन परत येण्यावर निर्बंध. दक्षिणेत कापसाची मागणी वाढली तशी गुलामाची किंमत वाढली, आणि मोकळ्या माणसांना पळवून नेऊन विकणाऱ्या टोळ्या निघाल्या. मेरीलँडच्या सीमेवरची पॅटी कॅनन हिची टोळी त्यांत सर्वांत कुप्रसिद्ध. ती १८२९ मध्ये तुरुंगात मेली. १८४७ मध्ये डेलावेअरच्या विधिमंडळात टप्प्याटप्प्याने गुलामगिरी संपवण्याचा ठराव कनिष्ठ सभागृहात मंजूर झाला आणि वरिष्ठ सभागृहात एका मताने पडला. सगळं राज्य अशा एका मतावर अडलेलं होतं.

आता नकाशा पाहू. चेसापीक आणि डेलावेअर या दोन उपसागरांच्या मध्ये एक लांबट द्वीपकल्प आहे. त्याच्या पश्चिम अंगाला मेरीलँडचा पूर्व किनारा, तिथे गुलामांची मोठी वस्ती. तिथून पळालेला माणूस उत्तरेला पेनसिल्व्हेनियाकडे निघाला, की द्वीपकल्प निमुळतं होत जातं आणि सगळ्या वाटा डेलावेअरच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात येऊन मिळतात. कॅन्टवेल्स ब्रिज त्या पट्ट्यात बसलेलं. तिथून विल्मिंग्टन साधारण एका रात्रीच्या चालीवर, आणि विल्मिंग्टनपलीकडे काही मैलांवर मुक्त राज्याची हद्द. वाट जितकी सोयीची तितकीच धोक्याची, कारण गुलाम पकडणाऱ्यांनाही हाच नकाशा पाठ होता.

या वाटेवर गुप्तपणे मदत करणाऱ्या माणसांच्या साखळीला 'भूमिगत रेल्वे' म्हणत. रूळ नाहीत, डबे नाहीत; असली तर रात्रीची पायवाट, कधी झाकलेली बैलगाडी किंवा घोडागाडी, आणि पहाटे दार उघडणारं एखादं घर. कॅन्टवेल्स ब्रिजमध्ये क्वेकरांचं प्रार्थनागृह होतं. डेव्हिड विल्सनने १७८५ मध्ये बांधून दिलेलं, विटांचं, चारही बाजूंनी जेमतेम २० फुटांचं. अमेरिकेतल्या सर्वांत लहान विटांच्या प्रार्थनागृहांत त्याची गणना होते. वर छपराच्या उतारामागे पोकळ जागा आहे आणि तिच्यापर्यंत पोचायला भिंतीतली एक फळी सरकवावी लागते. खाली तळघर आहे आणि त्याला बाहेरच्या बाजूने जमिनीलगत बारीकशी वाट आहे. पळून आलेली माणसं इथे लपत, असं स्थानिक परंपरा सांगते. हॅरिएट टबमनही इथे थांबली होती असं म्हणतात. मेरीलँडच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसं काढून आणणारी टबमन डेलावेअरमधून जायची, हे मात्र निर्विवाद.

पण प्रार्थनागृहात बसणारे सगळेच या कामात होते असं समजायचं कारण नाही. १८२७-२८ मध्ये क्वेकर पंथात मोठी फूट पडली होती. शिवाय गुलाम न बाळगणं वेगळं आणि दुसऱ्याचा गुलाम लपवणं वेगळं. पहिल्याला पंथाचा पाठिंबा होता, दुसऱ्याला कायद्याचा बडगा होता. बऱ्याच क्वेकरांना वाटायचं, की देवाने योग्य वेळी योग्य ते करावं, आपण शेजाऱ्यांशी वैर घेऊ नये. प्रत्यक्ष काम करणारे मूठभर होते. जॉन ॲल्स्टन हा गावाजवळचा शेतकरी त्यांतला एक, आणि त्याचा तरुण आप्त जॉन हन हा दुसरा.

हवेलीत आता दुसरी पिढी होती. विल्यम १८१८ मध्ये वारला, आणि पुढे घर त्याचा मुलगा डॅनियल याच्याकडे आलं. डॅनियलने धान्याच्या व्यापारात आणि नंतर पीचच्या बागांत भरपूर कमावलं. तो क्वेकर होता, राजकारणात वजन असलेला होता आणि गुलामगिरीच्या विरोधात होता. त्याची बायको मेरी. १८४० च्या दशकाच्या मध्याला घडलेली आणि या घराला इतिहासात जागा मिळवून देणारी घटना तिच्या नावावर आहे. तिच्या मुलीने ती पुढे लिहून ठेवली, म्हणून आपल्यापर्यंत आली.

डॅनियल घरी नव्हता. सॅम नावाचा एक पळालेला गुलाम दारात आला; पाठीवर शेरीफ आणि त्याची माणसं होती. मेरीने त्याला सगळ्यांत वरच्या माळ्यावर नेलं. तिथे छपराच्या उतारात, वळचणीला, अडगळ टाकायची एक छोटी खोली होती आणि तिला एक बुटकं दार होतं. सॅम अंग आवळून आत शिरला आणि मेरीने दार लोटून घेतलं. शेरीफ आला, मेरीने त्याला घर दाखवलं. खालपासून वरपर्यंत झडती झाली. माळ्यावर त्याची नजर त्या दारावर गेली, आणि एवढ्याशा भोकातून माणूस जाणं शक्य नाही असं ठरवून तो खाली उतरला. रात्री सॅमला खाऊपिऊ घालून उत्तरेच्या वाटेला लावलं.

ही गोष्ट घरच्यांनी सांगितलेली आहे, हे लक्षात ठेवायला हवं. अशा गोष्टी पिढ्या ओलांडताना गोल गुळगुळीत होतात. हुशार बाई आणि बावळट शेरीफ हा जुना साचा आहे. तरी माळ्यावरचं दार आजही जागेवर आहे आणि त्याचं माप कोणीही घेऊ शकतं. मला स्वतःला शेरीफ फार बावळट वाटत नाही. समोर गावातल्या सर्वांत वजनदार माणसाची बायको उभी आहे, घर तिचं आहे, आणि दार उघडून तिला खोटं ठरवायचं की नाही हे त्याला त्या क्षणी ठरवायचं आहे. त्या माळ्यावर सॅमला दाराच्या मापाने वाचवलं तितकंच कॉर्बिट या नावानेही वाचवलं असावं. ज्याच्या नावाला असं वजन नव्हतं त्याचं काय होई, हे त्याच परिसरातल्या दुसऱ्या प्रकरणातून दिसतं.

डिसेंबर १८४५. मिडलटाउन हे गाव कॅन्टवेल्स ब्रिजच्या पश्चिमेला अगदी जवळ, आणि जॉन हनचं शेत त्याच्या बाजूला. हन तेव्हा २७ वर्षांचा होता. एके सकाळी बर्फातून एक झाकलेली गाडी त्याच्या शेताकडे वळली; मागून काही माणसं पायी येत होती. गाडीत सॅम्युअल हॉकिन्स, त्याची बायको एमिलिन आणि सहा मुलं होती. हॉकिन्स मोकळा होता, पण एमिलिन गुलाम होती, आणि तेव्हाच्या कायद्यानुसार मूल आईच्या दर्जाचं. म्हणून बापाचा मोकळेपणा मुलांच्या कामाचा नव्हता. या सगळ्यांना घेऊन येत होता सॅम्युअल बरिस. डेलावेअरच्या केंट परगण्यात जन्मलेला हा मोकळा कृष्णवर्णीय माणूस मेरीलँडमधून लोकांना काढून आणायचं काम करत होता. रात्रभर थंडीत चालून माणसं गारठली होती. बरिसने एका क्वेकर ओळखीच्याची चिठ्ठी हनच्या हाती दिली. हनने गाडी आत घेतली, सगळ्यांना शेकायला आणि खायला दिलं.

बर्फावर चाकांच्या खुणा उमटतात आणि शेजाऱ्यांना डोळे असतात. खबर गेली, मिडलटाउनहून कॉन्स्टेबल आला. हॉकिन्स कुटुंबाला न्यायाधीशासमोर उभं केलं आणि तिथून रात्रीतच न्यू कॅसलच्या तुरुंगात पाठवलं. पण त्या हुकुमाच्या कागदात दोष होता, आणि न्यू कॅसलच्या शेरीफला तो दिसला. विल्मिंग्टनला थॉमस गॅरेटकडे निरोप गेला. गॅरेट हा लोखंडी मालाचा व्यापारी, क्वेकर, तोपर्यंत पन्नाशी ओलांडलेला आणि पळून येणाऱ्यांना मदत करतो हे उघड सांगणारा. त्याने प्रकरण राज्याचे मुख्य न्यायाधीश बूथ यांच्यासमोर नेलं. कागद सदोष म्हणून कुटुंबाची सुटका झाली, आणि दुरुस्त हुकूम येण्याच्या आत गॅरेटने गाडी भाड्याने करून त्यांना पुढे पाठवलं. हॉकिन्स कुटुंब पेनसिल्व्हेनियात पोचलं.

मालकांनी हन आणि गॅरेट यांच्यावर १७९३ च्या पळपुट्या गुलामांविषयीच्या केंद्रीय कायद्याखाली नुकसानभरपाईचे दावे लावले. मे १८४८ मध्ये न्यू कॅसलच्या न्यायालयात ते चालले. न्यायासनावर होते रॉजर टॅनी, अमेरिकेचे सरन्यायाधीश. नऊ वर्षांनी ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही असा निकाल देणारे तेच. निकाल दोघांच्याही विरुद्ध गेला आणि दंडाच्या रकमा हजारो डॉलरांच्या होत्या. हनचं आर्थिक कंबरडं मोडलं. गॅरेटने मात्र न्यायालयातच उभं राहून लांबलचक भाषण ठोकलं. आपण केलं ते योग्य केलं आणि पुढेही करत राहू, असा त्याचा आशय. घरावर आणखी एक मजला चढवून जास्त माणसं ठेवीन, असंही तो म्हणाल्याचं सांगतात. त्याने शब्द पाळला. त्याच्या स्वतःच्या मोजदादीप्रमाणे त्याच्या हातून २,७०० च्या आसपास माणसं पार झाली. १८७१ मध्ये तो वारला तेव्हा विल्मिंग्टनच्या कृष्णवर्णीयांनी त्याची शवपेटी स्वतःच्या खांद्यावर नेली.

आणि बरिस? गॅरेट आणि हन यांच्या शौर्यकथेत त्याचं नाव बऱ्याचदा एका वाक्यात येऊन जातं, म्हणून इथे जरा सविस्तर. १८४७ मध्ये तो दुसऱ्या एका सुटकेच्या प्रयत्नात पकडला गेला. डोव्हर या राजधानीच्या गावी खटला चालला आणि २ नोव्हेंबर १८४७ रोजी तो दोषी ठरला. शिक्षा झाली ती अशी: दंड, तुरुंगवास, आणि तुरुंगवास संपल्यावर १४ वर्षांसाठी जाहीर लिलावात विक्री. गोऱ्या माणसाने हाच गुन्हा केला तर त्याच्या पैशावर बेतायचं. काळ्या माणसाला कायदा विकायला काढायचा. हन आणि गॅरेट यांनी जे गमावलं ते मोठं होतं, पण ते त्यांच्या तिजोरीतून गेलं. बरिस स्वतःच पणाला लागला होता, आणि प्रत्येक फेरीच्या आधी त्याला ते माहीत होतं.

लिलावाच्या दिवशी डोव्हरला गुलामांचे व्यापारी जमले. विल्मिंग्टनच्या गुलामगिरीविरोधी मंडळींनी पैसे गोळा करून आयझॅक फ्लिंट या क्वेकराला व्यापाऱ्याचं सोंग देऊन पाठवलं होतं. फ्लिंटने इतर व्यापाऱ्यांसारखंच बरिसचं अंग दाबून पाहिलं, हातपाय तपासले, बोली लावली आणि त्याला घेतलं. बरिसला यातलं काहीही माहीत नव्हतं. बोली तुटल्यावर फ्लिंटने त्याच्या कानात सांगितलं, तेव्हा त्याला कळलं की आपण मोकळे आहोत. पुढे तो फिलाडेल्फियाला गेला, तिथून कुटुंबासह कॅलिफोर्नियाला, आणि १८६३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वारला.

१८५० मध्ये केंद्राने पळपुट्या गुलामांचा कायदा आणखी कडक केला. मुक्त राज्यातही कोणी सुरक्षित राहिलं नाही, त्यामुळे वाट पेनसिल्व्हेनियात न संपता कॅनडापर्यंत लांबली. कॅन्टवेल्स ब्रिजच्या नशिबाने मात्र त्याच दशकात वेगळंच वळण घेतलं. धान्याच्या व्यापारावर गबर झालेल्या गावाने १८५५ मध्ये काळ्या समुद्रावरच्या धान्यबंदराचं, ओडेसाचं, नाव घेतलं. आपणही तसंच मोठं होऊ अशी आशा. पण त्याच सुमारास नवी रेल्वे, ही खरीखुरी रुळांवरची, मिडलटाउनवरून गेली. धान्य तिकडे वळलं, जहाजं ओस पडली. कॉर्बिटांना पीचच्या बागांनी काही काळ तारलं, मग बागांना रोग लागला. गावात नवं बांधायला पैसा उरला नाही, त्यामुळे जुनं पाडायचंही कोणाला कारण उरलं नाही. हवेली जशीच्या तशी टिकली ती या मंदीमुळे.

यादवी युद्धात डेलावेअर उत्तरेच्या बाजूला राहिलं, पण गुलामगिरी सोडायला तयार झालं नाही. १८६१ च्या अखेरीस लिंकनने या राज्यासाठी खास योजना आखली होती. मालकांना केंद्राच्या तिजोरीतून ७,१९,२०० डॉलर द्यायचे आणि त्यांनी गुलाम टप्प्याटप्प्याने सोडायचे. सगळ्यांत कमी गुलाम असलेलं राज्य हे मान्य करेल, मग इतर सीमावर्ती राज्यं मागे येतील, असा हिशेब होता. विधिमंडळात योजना मांडण्याइतकाही पाठिंबा मिळाला नाही. १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा बंडखोर राज्यांपुरता असल्याने डेलावेअरला लागू नव्हता. फेब्रुवारी १८६५ मध्ये गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती समोर आली, तेव्हा डेलावेअरने ती फेटाळली. त्याच डिसेंबरात इतर राज्यांच्या मंजुरीने ती अमलात आली आणि डेलावेअरमधले उरलेले गुलाम, राज्याच्या इच्छेविरुद्ध, मोकळे झाले.

आठ वर्षांनी पुण्यात महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. फुल्यांसमोरचा प्रश्न आपल्या इथल्या शूद्रातिशूद्रांचा होता, आणि अमेरिकेचं उदाहरण त्यांना हवं होतं ते इथल्या लोकांना लाजवायला. ज्यांना ही अर्पणपत्रिका खरोखर लागू पडते ती माणसं ओडेसाच्या पंचक्रोशीत होती. पण १८७३ मध्ये, ते पुस्तक निघालं तेव्हा, त्याच माणसांच्या राज्याने घटनादुरुस्तीला संमती दिलेली नव्हती. ती मिळाली १२ फेब्रुवारी १९०१ रोजी. त्या वेळी डेलावेअरचा गव्हर्नर होता जॉन हन, मिडलटाउनच्या त्या जॉन हनचा ओडेसात जन्मलेला मुलगा. थोरला हन युद्धाच्या काळात साउथ कॅरोलायनाच्या बेटांवर नुकत्याच मोकळ्या झालेल्या लोकांमध्ये काम करायला गेला होता आणि १८९४ मध्ये वारला. कोणाला लपवलं, कोणी मदत केली याच्या त्याने ठेवलेल्या नोंदी मरणापूर्वी त्याने मुलाकडून जाळवल्या, असं सांगितलं जातं. खरं असेल तर भूमिगत रेल्वेच्या डेलावेअरमधल्या शाखेची जमाखर्चाची वही भावी गव्हर्नरच्या हातूनच गेली.

त्यामुळे मागे उरलं ते मुख्यतः घर. तरुणपणी ओडेसाच्या शाळेत शिकवलेला रॉडनी शार्प पुढे ड्यू पाँ घराण्याचा जावई झाला. त्याने १९३८ मध्ये हवेली विकत घेऊन तिची डागडुजी केली आणि १९५८ मध्ये विंटरथर संग्रहालयाला देऊन टाकली. १९६७ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला, आणि आता दोन्ही घराण्यांची नावं जोडून तिला कॉर्बिट-शार्प हाउस म्हणतात. संगमरवर, फर्निचर, चिनी जाळी यांसाठी ती जपली गेली. माळ्यावरच्या दाराची किंमत लोकांना नंतर कळली.

सॅमचं आडनाव कुठेही नोंदलेलं नाही. सॅम्युअल बरिसला डेलावेअरचे गव्हर्नर जॅक मार्केल यांनी शिक्षेनंतर १६८ वर्षांनी, २ नोव्हेंबर २०१५ रोजी, माफी दिली.